शेजारणीच्या पन्नाशीला जाताना: डच रामरामाबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कोल्हापूरहून नेदरलँड्समधल्या आईंडहोव्हनला येऊन तीन महिने झाले. घरात मराठी, नवऱ्याच्या ऑफिसात इंग्रजी, त्यामुळे डचशी गाठच पडली नाही. आता शेजारणीने शनिवारी दुपारी दोनला तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बोलावलंय. गेल्यावर काय म्हणायचं? हात मिळवायचा की गालाला गाल लावायचा? तिची ऐंशीच्या घरातली आई असणार, तिला वाकून नमस्कार केला तर कसं दिसेल? आणि तू म्हणायचं की तुम्ही?"

मी उट्रेख्टला राहते आणि मोठ्या वयात डच शिकायला येणाऱ्यांना सोळा वर्षं ही भाषा शिकवते. पहिल्या तासाला 'हॉय', म्हणजे साधं 'हॅलो', शिकवते आणि विसाव्या तासाला पुन्हा त्याच 'हॉय'पाशी येते. शब्द पाच मिनिटांत पाठ होतात. कोणी, कुणाला, कधी आधी बोलायचं हे मात्र अंगात मुरायला वेळ लागतो, आणि आपली मराठी माणसं अडतात ती तिथेच.

आधी उच्चाराचं बघू. खाली डच शब्दात जिथे जिथे 'ख' लिहिलाय तो आपल्या 'खडू'तला नाही. गझल गाणारे 'खबर' म्हणताना घशाच्या तळातून खरवडून काढतात, तो. 'झ' मात्र आपला 'झाडा'तला. तुम्ही आईंडहोव्हनला, म्हणजे ब्राबांट प्रांतात आहात, ही चांगली गोष्ट आहे. ऱ्हाइन, वाल आणि मास या मोठ्या नद्यांच्या खाली हा 'ख' मऊ होतो, कोमट फुंकर घातल्यासारखा. अॅमस्टरडॅमकरांसारखं घसा खाकरायची तुम्हाला गरज नाही.

आता शनिवार.

शेजारणीच्या पुढच्या अंगणात चिंध्या भरलेली, चष्मा लावलेली एखादी बाहुली-म्हातारी खुर्चीत बसवलेली दिसली तर दचकू नका. ती 'सारा'. पन्नास वर्षांची झालेली बाई 'सारा पाहते' आणि पुरुष 'अब्राहाम पाहतो' असं इथे म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानात (8:57) लोक येशूला टोकतात की तुला अजून पन्नास वर्षंही झाली नाहीत आणि तू अब्राहामाला पाहिलंस? त्यावरून हा वाक्प्रचार आला आणि अब्राहामाची बायको सारा बायकांच्या वाट्याला आली. बाहुली दिसली की शेजारणीला हसून 'सारा खेझीन?' म्हणजे 'पाहिलीस का सारा?' एवढं विचारलंत तरी ती खूश होईल.

दारात म्हणायचा शब्द आहे 'खेफेलिसिटेर्ट'. लांबलचक आहे, पण याला पर्याय नाही. 'अभिनंदन' असा त्याचा अर्थ. आणखी मनापासून म्हणायचं तर 'फान हार्ते खेफेलिसिटेर्ट'. शेजारणीला हे म्हणून, फुलं हातात देऊन आपण मोकळे झालो असं वाटेल, पण खरं काम पुढेच आहे. आत दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडलेल्या असतील आणि त्यांच्यावर बारा-पंधरा माणसं कॉफीचे कप मांडीवर सांभाळत बसलेली असतील. तुम्ही एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येकासमोर जायचं, हात पुढे करायचा आणि स्वतःचं नाव सांगायचं. वर प्रत्येकाचंही अभिनंदन करायचं! नवऱ्याला 'खेफेलिसिटेर्ट मेट ये फ्राउ', बायकोबद्दल अभिनंदन. मुलाला 'मेट ये मूदेर', आईबद्दल. आणि गंमत म्हणजे तेही तुमचं अभिनंदन करतील: 'मेट ये ब्यूरफ्राउ', शेजारणीबद्दल. तुम्ही काहीच केलेलं नाही, फक्त भिंतीपलीकडे राहता, तरी अभिनंदन. त्यावर 'डांक ये, येय ओक' म्हणायचं, म्हणजे 'धन्यवाद, तुझंही'.

पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. पण नातू बोर्डात आला की आपण आजोबांचंही अभिनंदन करतोच की. इथे तो मान वाढदिवसालाच मिळतो, आणि काका, मावशी, शेजारी सगळ्यांना मिळतो.

या गोलात मी सुरुवातीला सपशेल आपटले होते. इथे आले त्या पहिल्याच हिवाळ्यात एका ओळखीच्या घरी वाढदिवसाला गेले, यजमानीणबाईंना भेटवस्तू दिली, बाकीच्यांकडे पाहून छान हसले, मान लववली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. आपल्याकडे पाहुण्याची ओळख घरचेच करून देतात, 'ही आमची अमुक, नाशिकची', त्या ओळखीची वाट बघत बसले. अर्धा तास माझ्याशी कोणी बोललं नाही. 'किती तुसडी माणसं' असं मनात म्हणत घरी आले. पुढे खूप दिवसांनी त्याच घरी जाणारी एक मैत्रीण मला म्हणाली, "त्या दिवशी सगळ्यांना वाटलं की तुलाच कोणाशी बोलायचं नाहीये. न बोलता जाऊन बसलीस ना!" तुसडी मी ठरले होते.

तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली याच फजितीत आहे. आपल्याकडे नमस्कार वयाने आणि नात्याने ठरतो. धाकट्याने थोरल्याला आधी करायचा, थोरल्याने आशीर्वाद द्यायचा. डचांकडे तो दाराने ठरतो. जो आत येतो त्याने आधी बोलायचं, मग तो कितीही मोठा असो. तुमची दखल घेतली आणि माझी घ्या, एवढाच त्यातला मजकूर. आपल्या नमस्कारात मान असतो. यात तो शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही आणि उगाच वाईट वाटेल.

डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. 'हाउसआर्ट्स' म्हणजे आपले कुटुंबाचे डॉक्टर, त्यांच्याकडे गेलात की आत सहा अनोळखी माणसं मासिकं चाळत किंवा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. दार उघडून आत शिरणारा माणूस कोणाकडेच न बघता, सगळ्यांना मिळून 'खूदेमॉर्खे', म्हणजे 'शुभ सकाळ', म्हणतो. सहा तोंडांतून पुटपुटल्यासारखं 'मॉर्खे' परत येतं. पुन्हा शांतता. त्याचा नंबर लागला की उठताना तो 'दाख' म्हणतो आणि परत तसंच पुटपुटणं. ओळख नाही, गप्पा नाहीत, हसूही नाही. पण न बोलता जाऊन बसलात तर एखाद्या आजीबाई मुद्दाम मोठ्याने, शब्द तोडून तुम्हाला 'खू-दे-मॉर्-खे' ऐकवतील. मला ऐकवलं आहे. पोहण्याच्या तलावाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, छोट्या गावाच्या लिफ्टमध्ये, जंगलातल्या पायवाटेवर समोरून येणाऱ्याला, सगळीकडे हाच नियम. मोठ्या शहराच्या रस्त्यावर मात्र नाही. अॅमस्टरडॅमच्या स्टेशनवर प्रत्येकाला 'मॉर्खे' म्हणत सुटलात तर लोक काळजीने बघतील.

गालाला गाल लावण्याचं सांगते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत नियम पक्का होता: बायका-बायका आणि बाई-पुरुष, ओळखीचे असतील तर तीन पापे, उजवा गाल, डावा, परत उजवा. ओठ गालाला लागत नाहीत, हवेतच चुटकन आवाज होतो. पुरुष-पुरुष हात मिळवणार. अनोळखी माणसाला पापा नाहीच, हात. मग कोरोना आला. 9 मार्च 2020 ला तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी पत्रकार परिषदेत देशाला सांगितलं की आजपासून हस्तांदोलन बंद, आणि ते सांगून होताच शेजारी उभे असलेले साथरोगतज्ज्ञ याप फान डिसल यांचा हात हातात घेऊन हलवला. लक्षात येताच दोघंही हसले. इतकं ते हाडात मुरलेलं. हात पुढे परत आले, तीन पापे मात्र पूर्वीच्या जोमाने आलेच नाहीत. बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटलं असणार. मैत्रिणी आता सरळ मिठी मारतात, तरुण मुठीला मूठ लावतात, आणि आजीच्या पिढीत तीनची मोजणी अजून चालू आहे. तुम्ही स्वतःहून गाल पुढे करू नका. हात पुढे करा. समोरच्या बाईने तो हात धरून तुम्हाला जवळ ओढलं तर उजव्या गालापासून सुरू करा आणि तिसऱ्याआधी मागे सरकू नका. तिथे नाकावर नाक आपटतं.

हात मिळवताना डोळ्यांत बघायचं. आपल्याला मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची सवय असते, इथे त्याचा अर्थ लपवाछपवी असा घेतात. पकड घट्ट, पण दोन हलक्या झटक्यांत संपणारी. हात नाकारणं हा या देशात राजकीय प्रश्नही झालेला आहे. 2004 साली तेव्हाच्या मंत्री रिटा फेरडॉंक यांनी पुढे केलेला हात एका इमामाने धर्माचं कारण देऊन घेतला नाही, त्यावर आठवडेच्या आठवडे वाद झाला. बऱ्याच डच लोकांच्या मनात तो हात म्हणजे 'तू आणि मी बरोबरीचे' एवढी एकच गोष्ट सांगतो. तुम्हाला कोणाचा हात हातात घ्यायला संकोच वाटत असेल तर छातीवर हात ठेवून, हसून, नाव सांगा. कोरोनानंतर ते चालून जातं. हात जोडून नमस्कारही चालतो, पण मग समोरचा गोंधळून स्वतःही हात जोडतो आणि पुढची दहा मिनिटं योगासनांवर गप्पा होतात.

शेजारणीच्या आईला वाकून नमस्कार? मनात आहे ते चांगलंच आहे, पण करू नका. ऐंशीची बाई घाबरेल, काहीतरी खाली पडलं म्हणून तुम्ही वाकलात असं समजून तीही वाकायला जाईल. तिच्यासमोर जाऊन, ती बसलेली असेल तर थोडं झुकून, हात हातात घ्या आणि म्हणा, 'दाख मेफ्राउ, खेफेलिसिटेर्ट मेट ऊव डॉख्टर.' म्हणजे 'नमस्कार बाई, तुमच्या मुलीबद्दल अभिनंदन.' यात मान येतो तो 'मेफ्राउ' आणि 'ऊव' या दोन शब्दांत.

आता तू-तुम्ही. आपलं 'तू' म्हणजे डचमधलं 'येय', घाईत 'ये'. आपलं 'तुम्ही' म्हणजे 'ऊ', पण ओठ 'ऊ'चे करून जीभ 'ई'च्या जागी ठेवायची, तेव्हा तो स्वर निघतो. मराठीत आईला तू आणि सासूला तुम्ही अशी वाटणी असते. इथे घरात जवळजवळ सगळीकडे 'ये'. ऑफिसात साहेबालाही 'ये', आणि नाव घेऊनच हाक. 'सर', 'मॅडम'ला तिथे जागाच नाही. 'ऊ' उरलं ते म्हाताऱ्या अनोळखी माणसांपुरतं, कोर्टात, पोलिसांशी बोलताना आणि काही दुकानांत. तुम्ही 'ऊ' म्हणालात की बहुतेक जण हात झटकून 'झेख मार ये' म्हणतील, 'ये म्हण गं नुसतं'. ते खोटं नसतं. त्यानंतरही 'ऊ'ला चिकटून राहिलात तर त्यांना तो दुरावा वाटतो. माझा सल्ला: पासष्टीच्या वरच्या अनोळखी माणसाला 'ऊ'ने सुरुवात करा आणि परवानगी मिळताच सोडून द्या. उलट क्रमाने जाता येत नाही.

शाळेत मुलं शिक्षिकेला 'युफ' आणि शिक्षकाला 'मेस्टर' म्हणतात, पुढे पहिलं नाव लावून. बऱ्याच प्राथमिक शाळांत रोज सकाळी वर्गाच्या दारात उभी राहून युफ एकेका मुलाशी हात मिळवते, तेही डोळ्यांत बघून. चार वर्षांचं पोर रांगेत उभं राहून हात पुढे करतं. शनिवारी पंधरा खुर्च्यांभोवती फिरताना तुम्हाला जो घाम फुटणार आहे तो यांना का फुटत नाही, ते तिथे कळतं.

वेळेप्रमाणे बदलणारे शब्द सोपे आहेत. दुपारी बारापर्यंत 'खूदेमॉर्खे', सहापर्यंत 'खूदेमिदाख', पुढे 'खूदेनाव्हॉन्ट'. बोलताना 'खूदे'चं 'खूये' होतं आणि शेवटचा 'न' कोणी उच्चारत नाही. झोपायला जाताना मात्र 'वेल्टेरुस्ते', पलीकडे बेल्जियममध्ये 'स्लापवेल'. माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी 'मॉर्खे'वर घसरतं, कारण याच शब्दाचा अर्थ सकाळही आणि उद्याही. 'टॉट मॉर्खे' म्हणजे 'उद्या भेटू'. एकदा एक विद्यार्थी सकाळी नऊला वर्गात येऊन उत्साहाने 'टॉट मॉर्खे!' म्हणाला. मी म्हटलं, बस आता, उद्याची वाट कशाला बघतोस.

सगळ्यात कामाचा शब्द 'दाख', म्हणजे 'दिवस'. येतानाही चालतो, जातानाही, आपल्या नमस्कारासारखा. फरक सुरात आहे. येताना आखूड आणि खाली उतरणारा: 'दाख.' निरोपाला लांब आणि लहरत जाणारा: 'दाऽऽख!' याचं जुनं भारदस्त रूप 'खूदेनदाख'. शुभ दिवस म्हणणारं हे नाव मध्ययुगात फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या डच बोलणाऱ्या फ्लांडर्सच्या, पायदळाच्या हत्याराला होतं: जाडजूड लाकडी सोटा आणि टोकाला लोखंडी खिळा. 11 जुलै 1302 ला कोर्ट्रेकजवळच्या लढाईत विणकर-खाटकांच्या फौजेने फ्रान्सच्या घोडेस्वार सरदारांना या 'शुभ दिवसां'नी घोड्यांवरून खाली आणलं. फ्लांडर्समध्ये 11 जुलै हा आजही अधिकृत सणाचा दिवस आहे.

'हू खाट हेट?' म्हणजे 'कसं चाललंय?' याचं उत्तर 'खूट, एन मेट याउ?', 'छान, आणि तुझं?' मराठीत 'बरंय' म्हणतो तसं रडतखडत नको. वयस्कर माणसं 'माख निट क्लाखे' म्हणतात, 'तक्रार करायला जागा नाही'. आपल्याकडच्या 'चाललंय'ला जुळणारंही आहे: 'हेट खाट झेन खांगेत्ये', 'आपल्या चालीने चाललंय'. ऑफिसातला माणूस 'ड्रुक, ड्रुक, ड्रुक' म्हणतो, कामाचा ढीग. जेवलात का, कुठे निघालात, हे आपले जिव्हाळ्याचे प्रश्न नमस्काराच्या जागी वापरू नका. जेवलात का विचारलं तर त्यांना ते आमंत्रण वाटेल, आणि कुठे निघालात विचारलं तर चौकशी.

प्रांतागणिक चव बदलते. तुमच्या ब्राबांटमध्ये निरोपाला 'हाउदू' म्हणतात, 'सांभाळून राहा' या अर्थाच्या जुन्या वाक्याचं झिजलेलं रूप. तीन महिन्यांची नवखी बाई जाताना 'हाउदू' म्हणाली तर अख्खी खोली तुमच्या प्रेमात पडेल, एवढं मी पैजेवर सांगते. उत्तरेत ख्रोनिंगेन आणि ड्रेन्टमध्ये 'मॉय', येतानाही आणि जातानाही. फ्रीसलांडची भाषाच वेगळी आहे. पलीकडे फ्लांडर्समध्ये तीनऐवजी साधारण एकच पापा, तू-तुम्हीच्या खेळात 'खेय' हा तिसरा गडी, आणि ओळख झाल्यावर 'आनखनाम' म्हणजे 'आनंद झाला' म्हणणं अगदी रोजचं. तोच शब्द हॉलंडमधल्या काही खानदानी मंडळींना हलका वाटतो. का, ते मला सोळा वर्षांत कोणी धड समजावून सांगू शकलेलं नाही.

निरोपाच्या शब्दांत या देशाचं सगळं दर्यावर्दीपण उतरलंय. अॅमस्टरडॅमचे लोक 'दे माझल' म्हणतात. ज्यूंच्या यिडिश भाषेतून आलेला शब्द, 'नशीब साथ देवो' अशा अर्थाचा. जुन्या माणसांच्या तोंडी 'टाबे' ऐकू येतं. ते इंडोनेशियातल्या मलायमधून आलं, आणि मलाय 'ताबिक'चं मूळ संस्कृत 'क्षंतव्य'मध्ये आहे असं व्युत्पत्तीचे अभ्यासक सांगतात. म्हणजे एखादे डच आजोबा टोपी उचलून 'टाबे' म्हणतात तेव्हा नकळत 'क्षमा असावी' म्हणत असतात. तरुण पोरं भेटल्यावर 'फा वाका?' विचारतात, ते सुरीनामच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीच्या, स्रानान भाषेतलं. आणि त्याच सुरीनाममुळे हेगमध्ये मला सगळ्यात अनपेक्षित नमस्कार भेटला. 5 जून 1873 ला 'लाला रूख' जहाजातून भोजपुरी-अवधी मुलखातले पहिले मजूर सुरीनामला पोचले. 1975 मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी खूप जण नेदरलँड्सला आले आणि हेगमध्ये स्थिरावले. तिथल्या एका भाजीच्या दुकानात मी सवयीने 'खूये मिदाख' म्हटलं. गल्ल्यावरच्या पांढऱ्या केसांच्या आजोबांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, 'राम राम, बेटी.' पुढचं सगळं बोलणं डचमध्येच झालं, कारण त्यांची सरनामी, म्हणजे सुरीनामची हिंदुस्तानी बोली, मला कळेना आणि माझी हिंदी त्यांना.

आता शनिवारी निघताना काय. मराठीत 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं. डचांचं 'टॉट सीन्स' तसंच आहे, 'पुन्हा दिसेपर्यंत'. पण नुसतं तेवढ्यावर सुटका नाही. डच माणूस उठायच्या आधी दोन्ही तळहात मांड्यांवर आपटतो आणि म्हणतो, 'झो!' एवढंच. हा 'झो' ऐकला की सगळ्यांना कळतं, पाहुणे निघाले. मग परत गोल फिरायचं नसतं, उभं राहून सगळ्यांना मिळून एक 'दाऽऽख' पुरे. शेजारीण आणि तिची आई यांचा मात्र स्वतंत्र निरोप घ्या. दारात ती 'वेल ताउस' म्हणेल, 'नीट घरी पोच'. तुमचं घर बारा पावलांवर आहे, तरी म्हणेल. लांबून आलेल्यांना तर घरचे दारात उभे राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवतात, आणि याला खास क्रियापद आहे, 'आउटझ्वाये'.

रोजच्या निरोपाला 'दूई'. काही वयस्कर मंडळी त्यावर नाक मुरडतात, पण देश त्यावरच चालतो. फोन ठेवताना त्याची माळच होते: 'ओके, दूई, दूई, या, दूई, हॉय हॉय, यू!' हो, 'हॉय' दोनदा म्हटलं की निरोप होतो, आणि शेवटचा 'यू' इंग्रजीतला नाही, तोही निरोपच. माझ्या एका विद्यार्थिनीला सहकाऱ्याचा प्रत्येक फोन 'यू!'ने संपल्यामुळे महिनाभर वाटत होतं की तो काहीतरी आरोप करतोय. फोन घेताना मात्र 'हॅलो' म्हणून थांबू नका. 'मेट' म्हणून पुढे स्वतःचं नाव सांगायचं. 'मेट' म्हणजे 'शी', 'तुम्ही अमक्याशी बोलताय' यातला फक्त 'शी' उरलाय. नुसतं हॅलो म्हणालात तर पलीकडचा विचारतो, कोण बोलतंय?

दुकानातलं सगळं बोलणं चार ओळींत संपतं. गल्ल्यावरची मुलगी 'हॉय', तुम्ही 'हॉय'. ती 'बॉनेत्ये?' म्हणजे पावती हवी का, तुम्ही 'नेय, डांक ये'. ती 'फेय्ने दाख नॉख!', उरलेला दिवस छान जावो, तुम्ही 'येय ओक!' यातलं पहिलं 'हॉय' गाळून थेट पिशवीचं विचारलंत तर ती नाराज होते, आणि आपली हुशार, सभ्य माणसंही इथेच हमखास चुकतात.

'नमस्कार सांगा' मात्र जसंच्या तसं सापडेल. 'दू दे ख्रूते आन ये मान', 'नवऱ्याला माझा नमस्कार सांग'. उत्तर 'झाल इक दून', 'सांगते हं'. फक्त एक, नुसतं तुटक 'दे ख्रूते!' कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ 'जा गेलास उडत' असाही होऊ शकतो. चेहरा बघून ठरवा.

ईमेलचं पटकन सांगते. 'रिस्पेक्टेड सर'चं भाषांतर करू नका. सुरुवातीला 'बेस्ते' आणि नाव, शेवटी 'मेट फ्रिंडेलके ख्रूट', यात नव्वद टक्के कामं होतात. नगरपालिकेला किंवा वकिलाला 'खेआख्टे हेर' किंवा 'खेआख्टे मेफ्राउ'. शेवटच्या ओळीची तीन अक्षरं करून 'एम-फे-खे' (mvg) लिहायची टूम आहे, मला ती उर्मट वाटते. पत्र कोणाला जातंय तेच माहीत नसेल तर वर 'एल. एस.' लिहितात, 'वाचकास नमस्कार' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. रेल्वेने तर डिसेंबर 2017 पासून घोषणांमधलं 'स्त्री-पुरुषहो' सोडून 'बेस्ते राइझिखर्स', 'प्रिय प्रवाशांनो' सुरू केलं, आणि त्यावरही देशात भरपूर कावकाव झाली.

शनिवारपर्यंत सरावाला वेळ आहे. 'खेफेलिसिटेर्ट' रोज भांडी घासताना दहादा म्हणा, मधला 'सि' आखूड आणि 'टेर' लांब. आणि जवळच्या आठवडी बाजारात चीजवाल्यासमोर जाऊन उभ्या राहा, बोट दाखवण्याआधी 'खूये मिदाख' म्हणा. तो मान वर करून 'झेख हेट मार' म्हणेल. घाबरू नका, तो आपल्या वाण्यासारखंच म्हणतोय, 'बोला'.